भुरीचं ऑपरेशन

भुरीच्या पायावरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चाक गेलं, तो दिवस गावातल्या टोळ्या ऊसतोडीला निघण्याचा होता. दिवाळी सरली होती. पाटोद्याच्या अलीकडच्या त्या गावात मारुतीच्या पारापुढं ट्रॅक्टर उभे होते, बाया ट्रॉलीत पत्रे, चुली, गाठोडी चढवत होत्या. पोरं रडत होती, कुत्री भुंकत होती. त्या गोंगाटात मांजराचं ओरडणं कुणाला ऐकू येणार? वनमालाबाईंना मात्र आलं. त्या हातातली धारेची चरवी तशीच टाकून धावल्या.

मागचा डावा पाय मांडीतून लोंबत होता. त्यांनी भुरीला पदरात घेतलं आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, गाडी काढा आधी."

राधाकिशनराव त्या वेळी टोळ्यांना निरोप द्यायला पाराजवळच उभे होते. दहा वर्षं सरपंचकी केलेला माणूस. आता त्यांच्या मनात जिल्हा परिषदेचं तिकीट होतं. चार लोकांसमोर त्यांना बायकोला नाही म्हणता आलं नाही. त्यांनी ड्रायव्हर भागवतला खूण केली आणि तिघं बीडला गेले.

भुरी घरात आली ती मुलीच्या लग्नात. मांडवाच्या कनातीखाली कुणीतरी टाकून दिलेलं पिल्लू. मुलगी सासरी लातूरला गेली आणि रिकाम्या झालेल्या घरात हे राखाडी पिल्लू राहिलं. वनमालाबाई स्वयंपाक करताना ते ओट्याखाली बसायचं, त्या दूध घालायला डेअरीवर गेल्या की वेशीपर्यंत मागं यायचं. नवरा सकाळी बाहेर पडला की जेवायला येईलच याचा भरवसा नसे. दिवसभर बोलायला भुरीच होती. "काय गं, आज डाळ जरा पातळ झाली का?" असं त्या तिला खरोखर विचारायच्या.

बीडमधल्या डॉक्टर सुनिता तरुण होत्या. त्यांनी एक्स-रे काढला आणि दोघांनाही दाखवला. "मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. आत सळई घालावी लागेल. परवा आणा, मी भूलवाल्यांना बोलावून ठेवते. जास्त उशीर नका करू, नाहीतर हाड वाकडं जुळेल."

"खर्च?" राधाकिशनरावांनी विचारलं.

"औषधं, भूल, दोन दिवस इथं ठेवणं, सगळं धरून अठरा हजार."

 परतीच्या वाटेवर घाट चढताना राधाकिशनराव म्हणाले, "माणसाचा पाय मोडला तर आपल्याकडं लोक पट्टी बांधून कामाला जातेत."

"तुमचे पैसे नका घालू," वनमालाबाई म्हणाल्या. "माझे दुधाचे हायेत."

त्यावर ते लगेच मऊ झाले. "तसं न्हाई गं. करू की. तुझा एवढा जीव हाय तिच्यावर."

ऑपरेशनच्या दिवशी वनमालाबाई साडी नेसून तयार झाल्या होत्या, तर राधाकिशनराव म्हणाले, "तू नको येऊ. तुला बघवायचं न्हाई. मी जातो ना भागवतला घेऊन." त्यांनी भुरीला ठेवलेलं प्लॅस्टिकचं कॅरेट स्वतः उचलून गाडीत ठेवलं. वनमालाबाईंनी रुमालात बांधलेले पैसे त्यांच्या हातात दिले. हा माणूस मांजरासाठी सकाळची मीटिंग सोडून बीडला निघालाय, हे त्यांना खरंच वाटेना.

ते दिवे लागायच्या सुमाराला परतले. गाडीत कॅरेट नव्हतं.

"गेली गं," ते म्हणाले आणि ओसरीच्या पायरीवरच बसले. "ऑपरेशन चांगलं झालतं. शुद्धीवर बी आली. डोळे उघडून इकडंतिकडं बघितलं तिनं, तुला हुडकत असंल. आन् मंग एकदम मान टाकली. डॉक्टर म्हणल्या, हृदय कमजोर होतं. तिथंच मागं लिंबाखाली पुरली. मी स्वतः माती लोटली, वनमाला."

त्यांचा आवाज भरून आला होता. डोळे ओले होते. वनमालाबाईंनी त्यांना पाणी दिलं, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत हा माणूस त्यांच्यासाठी कधी रडला नव्हता. मुलीच्या पाठवणीत सुद्धा पाहुण्यांच्या गाड्या मार्गी लावत फिरत होता. त्या रडल्या भुरीसाठी, पण त्या रडण्यात एक गोड भागही होता, आणि तो नवऱ्याच्या आसवांनी आलेला होता. 

"कुणाला सांगू नकोस मात्र," ते म्हणाले. "मांजराचं ऑपरेशन केलं म्हणलं की लोक हसतेत."

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी वेगळं वागायला लागल्या. उशीर झाला तरी त्यांच्यासाठी थांबून सोबत जेवू लागल्या. त्यांच्या आवडीचं शेंगदाण्याचं कूट घातलेलं वांगं आठवणीनं करू लागल्या. आपण या माणसाला उगीच कोरडा समजत होतो, असं त्यांना मनापासून वाटायचं.

संक्रांत जवळ आली. वाणाचं सामान आणायला वनमालाबाई भागवतसोबत बीडला गेल्या. खरेदी झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यावरून घे. तिळाचे लाडू आणलेत त्यांच्यासाठी. बिचारीनं लई केलं आपल्या भुरीचं. तिला पुरलं ती जागा बी बघते."

भागवतनं आरशातून त्यांच्याकडं बघितलं. "काकू, उशीर व्हईल. पुन्हा कधी..."

"पाच मिनिटं. चल."

डॉक्टर सुनितांनी त्यांना लगेच ओळखलं. "अहो या ना! कशी आहे तुमची मांजर? चालते का नीट?"

वनमालाबाईंना वाटलं, यांची कुणाशी तरी गल्लत होतेय. "भुरी हो. राखाडी. पाय मोडलेली. तुमी ऑपरेशन केलं ती."

"मी कुठं केलं? मी तर सगळी तयारी करून वाट बघत होते. तुमच्या मिस्टरांचा फोन आला की संभाजीनगरला ओळखीचे डॉक्टर आहेत, तिकडं नेतो." डॉक्टर त्यांच्या चेहऱ्याकडं बघून थांबल्या. "नेलं नव्हतं का?"

वनमालाबाईंनी लाडवांचा डबा टेबलावर ठेवला. "मागं लिंबाचं झाड हाय का हो तुमच्या?"

"मागं? मागं दुसऱ्यांचं गोडाऊन आहे."

त्या बाहेर आल्या.  भागवत गाडीला टेकून उभा होता. त्यांना बघताच त्यानं मान खाली घातली, आणि वनमालाबाईंना कळलं की यालाही सगळं ठाऊक आहे. दोन महिने हा रोज घरी येत होता, त्यांच्या हातचा चहा पीत होता.

"कुठं टाकली तिला?"

"काकू, मालकांनी सांगितलं तसं..."

"मी इचारलं, कुठं टाकली?"

"पालीला," तो म्हणाला. "धरणाच्या कडंला सोड म्हणले. मला हिंमत न्हाई झाली. रोडला दगडाबाईचं हाटेल हाय, तिथं ठिवलं कॅरेट. मालक गाडीतच बसून होते. फोनवर बोलत होते."

"आन् डोळ्यात पाणी कुठून आणलं त्यांनी?"

भागवतनं गाडीचं दार उघडलं. 

पाली बीडच्या वाटेवरच. म्हणजे आज सकाळी आपण त्या हाटेलासमोरून आलो, हे वनमालाबाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

हाटेल म्हणजे चार पत्रे, एक शेगडी आणि दोन बाकडी. दगडाबाई साठीच्या असतील. मुलगा आणि सून कारखान्यावर गेलेले, त्या एकट्याच चहा उकळत बसल्या होत्या. भागवतला बघून म्हणाल्या, "आलास का रं? त्या रोजी म्हणला व्हतास, सांजच्याला नेतो म्हणून."

वनमालाबाईंना विचारावं लागलं नाही. बाकड्याखालून भुरी बाहेर आली. मागचा डावा पाय आखडून वर धरलेला, बाकीच्या तीन पायांवर ती डुलत डुलत चालत होती. ती जवळ आली, त्यांचा हात हुंगला आणि घशातून तो बारीक आवाज काढला, जो ती ओट्याखाली बसून काढायची. वनमालाबाई तिथंच मातीत बसल्या.

"पंधरा रोज तर हाललीच न्हाई," दगडाबाई सांगत होत्या. "मी कापसाचा बोळा दुधात बुडवून पाजलं. म्हणलं, मरती तर मरू दे, पर उपाशी मरू नाई. मंग लागली उठायला. तुमची हाय व्हय?"

"व्हय."

"मंग टाकली कावून?"

 भुरीला घेऊन वनमालाबाई पुन्हा बीडला गेल्या, दगडाबाईंना सांगून. डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे काढला. हाड जुळलं होतं, पण वाकडं. आता ते परत मोडून सळई घालण्यात अर्थ नाही, तिला त्रासच होईल, असं त्या म्हणाल्या. "वेळेवर आणली असती तर पळाली असती. आता ती अशीच चालेल. पण जगेल चांगली." एक्स-रेचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

गाडी पुन्हा पालीला आली. सरळ जावं की थांबावं, भागवतनं विचारलं. भुरी मांडीवर झोपली होती. वनमालाबाईंना आपली ओसरी आठवली, पायरीवर बसून रडणारा नवरा आठवला. 

"थांब," त्या म्हणाल्या.

दगडाबाई उठून उभ्या राहिल्या. "नेत न्हाई का?"

"तुमच्याजवळच राहू द्या, मावशी. माझ्या घरात तिचा भरवसा न्हाई देता यायचा मला. मी येत जाईन. दुधाचं बघते मी."

दगडाबाईंनी भुरीला घेतलं. इतक्या घाईनं घेतलं की त्यांचा जीव टांगणीला लागला होता हे दिसलंच.

राधाकिशनराव घरी होते. बायकोचा चेहरा बघून त्यांनी काहीतरी ओळखलं असावं, कारण काही विचारायच्या आधीच त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला.

"भुरी भेटली," वनमालाबाई म्हणाल्या. 

 ते उठून कपाटाकडं गेले आणि तोच रुमाल काढून त्यांच्यापुढं ठेवला. गाठ सुद्धा तीच होती. "तुझे पैसे तसेच हायेत. एक रुपाया घेतला न्हाई मी."

"पैशाचं कुणी इचारलं तुमाला?"

"ऐकून तर घे. तिचा पाय मोडला त्याच दिवशी टोळ्या गेल्या. रामहरीची बायको पोटुशी, तशीच कोयता घेऊन गेली. आन् मी मांजराच्या पायाला अठरा हजार घालू? उद्या कुणी भर सभेत इचारलं तर काय तोंड दाखवू? मला तिकीट..."

"हे मला सांगायचं व्हतं," वनमालाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "जमत न्हाई म्हणायचं. मी भांडले असते, रडले असते, आन् माझी मी गेले असते येष्टीनं. न्हाई तर गप बसले असते. पण तुमी रडून दाखवलं. लिंबाचं झाड सांगितलं. ती मला हुडकत होती म्हणून सांगितलं. आन् मी तुमाला पाणी दिलं! तुमच्या पाठीवरून हात फिरवला मी!"

"तुला वाईट वाटू नाई म्हणून..."

"रामहरीच्या बायकूला किती दिले तुमी त्या अठरा हजारातले?"

राधाकिशनराव रुमालाकडं बघत राहिले.

त्या रात्री त्यांनी नवऱ्याला वाढलं आणि आपलं ताट घेऊन आत गेल्या. दुसऱ्या दिवशी तो रुमाल घेऊन रामहरीच्या म्हातारीकडं गेल्या, सुनेच्या बाळंतपणाला म्हणून देऊन आल्या. घर सोडलं नाही, भांडण काढलं नाही, मुलीला फोन करून रडल्या नाहीत. फक्त राधाकिशनरावांनी काही सांगितलं की त्या ते तपासून बघायच्या. "आता बरं हाय त्यांना," असं ते चुलत्याच्या आजारपणाबद्दल म्हणाले, तर त्यांनी स्वतः फोन लावला. ते समोर बसलेले असताना लावला.

आठवड्यातून एकदा त्या येष्टीनं पालीला जायच्या. गाडी मागायच्या नाहीत. 

फाल्गुनात एके दिवशी राधाकिशनराव चप्पल घालून दारात उभे राहिले. "मी बी येतो."

वनमालाबाईंनी या म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. ते येष्टीत त्यांच्या शेजारी बसले. दोघांच्या तिकिटाचे पैसे त्यांनीच काढले.

हाटेलात उन्हं आत आली होती. भुरी बाकड्यावर पडली होती. राधाकिशनराव जरा लांबच उभे राहिले. भुरीनं त्यांच्याकडं बघितलं, अंग ताणलं, आणि लंगडत खाली उतरून त्यांच्या धोतराला अंग घासायला लागली. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

राधाकिशनरावांचा चेहरा उजळला. कित्येक दिवसांनी ते बायकोकडं सरळ बघून हसले. "बघ. तिच्या मनात काय न्हाई."

"ती मांजर हाय," वनमालाबाई म्हणाल्या.

दगडाबाईंनी तिघांसाठी चहा ओतला. वनमालाबाईंनी बशीत थोडं दूध काढून भुरीला हाक मारली, आणि ती येईपर्यंत त्या नवऱ्याकडं पाठ करून बसून राहिल्या.