दर्भाचं तीर्थ आणि चार वाट्या

कळंबच्या देवळापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. थोरल्या जावेचा, हर्षलाचा राब, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, यंदा उगवलाच नव्हता. तिच्या तक्रारीवरून खोपोलीहून आलेल्या धनेशबाबांनी भिजवलेल्या भाताच्या दोन वाट्या उघडल्या. हर्षलाच्या वाटीतल्या भाताला कोंब फुटले होते. धाकट्या जावेच्या, नम्रताच्या वाटीत एकही नाही.

"हिच्या वाटीत दर्भ भिजवलेलं तीर्थ घातलं होतं. नजर वाईट असली की तीर्थ भाताचं बी मारतं! थोरलीचा राब हिनंच खाल्ला. हिला माहेरी धाडा!"

बाबा गरजले आणि लोकांनी हात जोडले. नम्रताच्या नवऱ्यानं खाली मान घालून तिची पिशवी भरायला घेतली.

मी गावचा शाळामास्तर. माझा नुसता जळफळाट झाला. माझ्या विज्ञान प्रदर्शनाला यातलं कुत्रंही फिरकत नाही.

"बाबा, थोडं तीर्थ शाळेसाठी द्या," मी म्हणालो. बाबा फुशारले आणि तांब्याभर दिलं. मग मी गावाला विनवलं, "एकदा पुन्हा बघू. तोवर नम्रता इथंच राहू दे."

दोघी जावांकडून मी भाताच्या बियाण्याच्या दोन-दोन वाट्या भरून घेतल्या. प्रत्येकीच्या एका वाटीत तीर्थ, दुसरीत विहिरीचं पाणी. चारही वाट्या देवळातच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवल्या.

कोंब यायची वेळ झाली तशी पुन्हा गर्दी जमली. विहिरीच्या पाण्यातलं बी दोघींचंही उगवलं. तीर्थातलं दोघींचंही मेलं.

"म्हणजे हर्षलाताईंचीही नजर वाईट?" मी विचारलं. बाबा चपला शोधू लागले.

"दर्भ हे रानटी गवत," मी गावाला सांगितलं. " भिजलं, कुजलं की त्यातून असा अर्क सुटतो, की दुसऱ्या पिकाचं बी रुजत नाही. हर्षलाताई, राबात काय घातलं होतंत?"

"दर्भच," ती पुटपुटली. "डोंगरावरचा. दुप्पट घातला. खत व्हईल म्हनून न भाजताच गाडला." मग एकदम उसळली, "हिचा राब दरसाल माझ्यापेक्षा हिरवा! बघवत नाय मला!"

"मी दर्भ जाळून राब भाजते गं, मगच पेरते," नम्रता म्हणाली. "इचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू माझं घरच मोडाया निघालीस."

हर्षलाला तिच्याकडे बघवेना.

हेवा कुणाला वाटत नाही? पण त्याला पुरावा लागत नाही, म्हणूनच असल्या बाबांचं फावतं. लोकहो, कुणाच्या तीर्थावरून एखाद्या बाईला घराबाहेर काढण्याआधी ते तीर्थ स्वतःच्या मूठभर भातावर ओतून बघा.