मधला पट्टा

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं. मी गॅस बारीक केला. नवरा दाराशी बसून मोज्यांतली कुसळं उपटत होता.

"काय रे, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"तुझं काही नाही म्हणजे बरंच काही असतं."

नवरा गवताच्या राखीव माळावर रखवालदार आहे. तिथे तित्तिर आहेत, लावे आहेत, शिकाऱ्यांना बंदी. हे पक्षी झाडावर घरटं बांधत नाहीत. गवताच्या बुंध्याशी ओंजळीएवढा खळगा करायचा, की झालं घर. म्हणून पिल्लं चालती होईपर्यंत माळाला विळासुद्धा लावत नाहीत. यंदा ऊन लवकर तापलं. वणव्याच्या धास्तीने कचेरीतून हुकूम आला, गवत आत्ताच कापा.

त्या दिवशी आमची ठमी बापाच्या पायाला मिठी मारून बसली. "बाबा, थोडं तरी ठेव ना त्यांना. माझ्यासाठी ठेव." हा कचेरीत गेला, मिनतवाऱ्या केल्या आणि माळाच्या मधोमध एक पट्टा मागून आणला. बैलगाडी जाईल एवढाच रुंद. ट्रॅक्टरवाला खो खो हसला, "दादा, टक्कल करून एकच बट राखलीत की!"

ठमीला मात्र त्या पट्ट्याचं कोण कौतुक! शाळेत सांगून आली, आमच्या बाबांनी पाखरांना घर दिलं. रोज संध्याकाळी मी तिला कुंपणापर्यंत नेऊ लागले. आतून तित्तिर ओरडला की ती माझं बोट घट्ट दाबायची.

मी दूध उतरवलं, तेव्हा नवरा हळूच बोलला. "सगळे त्या पट्ट्यातच शिरले गं. दुसरी जागाच कुठे ठेवली होती आम्ही? कोल्ह्याला शोधावंसुद्धा लागलं नाही. या टोकाने शिरला, त्या टोकाने निघाला. घरटं न् घरटं."

"एकही नाही राहिलं?"

"टरफलं आहेत. एक मादी अजून तिथेच घुटमळतेय." त्याने मान खाली घातली. "नुसता उघडा माळ असता तर बिचाऱ्या दुसरीकडे गेल्या असत्या. राखायचं तर रुंद राखायचं, ठिकठिकाणी राखायचं. मी ताटात वाढून दिलं त्याला."

"अरे, तू भलंच करायला गेलास," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात ठमी चपला उलट्या घालून बाहेर आली. "आई, चल ना कुंपणापाशी. उशीर होतोय."

आज राहू दे, असं काहीतरी मी पुटपुटणार होते. पण त्याने तिला जवळ ओढलं आणि सांगून टाकलं. पट्टा अरुंद पडला. कोल्ह्याने अंडी खाल्ली. पिल्लं होणार नाहीत.

ती रडली नाही. रडली असती तर मी उचलून घेतलं असतं, काहीतरी गोड दिलं असतं. ती माझ्यापाशी आली आणि बापाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली,

"आई, मग पुढच्या वर्षी मी बाबांकडे काय मागू?"