कारखान्याच्या टाकीतले मासे

माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे. गिऱ्हाईक जेमतेम, पण ओढ्याकाठच्या रंगाच्या कारखान्याचे मालक अधूनमधून पिशवीभर मासे न्यायचे. मला वाटायचं, काय हौशी माणूस आहे!

हौस कसली डोंबलाची! तिथल्या झाडूवालीनेच मला सगळं सांगितलं. सरकारी तपासणी असली की कारखान्याचं ‘शुद्ध केलेलं’ सांडपाणी काचेच्या टाकीत भरायचं, आयत्या वेळी माझे मासे सोडायचे आणि साहेबांना म्हणायचं, "बघा, कसे बागडतायत!" साहेब बघत, चहा पीत, परवान्यावर सही करत आणि जात. पाठोपाठ मासेही जात. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तेच पाणी ओढ्यावाटे माझ्या धाकट्या बहिणीच्या विहिरीत उतरतं. तिच्या लेकीच्या अंगावरचे चट्टे काही केल्या जात नव्हते.

पुढच्या तपासणीला मासे पोचवायला मी स्वतःच गेले, साहेबांना चार शब्द सुनावायचे ठरवून. मासे सोडते न सोडते तोच साहेब दारात! नवीन होते, वेळेआधीच आलेले. मासेवाली दिसली म्हणजे बिंग फुटणार. मालकांची तारांबळ उडाली.

"ह्या... आमच्या माशांच्या डॉक्टर!"

"अरे वा! मग कशी आहे यांची तब्येत?" चहाचा कप उचलत साहेबांनी विचारलं.

आयतं मैदान मिळालं, मी कशाला सोडते! "बसा, सांगते," म्हटलं आणि सुरू झाले. माशांचं कूळ सांगितलं, मूळ सांगितलं, जावाजावांची भांडणं सांगितली. मालक खाकरत होते, घड्याळ दाखवत होते. साहेब मात्र रंगले होते.

"ही थोरली जाऊ. भारी तोरा हिचा." थोरली आडवी झाली. "आणि ही धाकटी..." धाकटी उलटी झाली. बघता बघता अख्खं सासर पोट वर करून तरंगायला लागलं. बोलताना मला हुंदकाच आला. बिचारी मुकी जनावरं!

साहेबांनी टाकीकडे पाहिलं, मग हातातल्या अर्ध्या कपाकडे. चेहरा पांढराफटक.

"छे छे, साहेब!" मालक धावत पुढे आले. "बिनधास्त प्या! चहा बाटलीच्या पाण्याचा आहे. हे पाणी इथे कोणी तोंडालासुद्धा लावत नाही!"

मग त्यांनी जीभ चावली. साहेबांनी कप खाली ठेवला.

"पुढे कुठे जातं हे पाणी?"

"माझ्या बहिणीच्या विहिरीत," मी डोळे पुसत म्हणाले. "चला, दाखवते. तिच्याकडे चहा ह्याच पाण्याचा होतो."