गजाच्या क्रुसाचा खिळा

मी एक जुना खिळा आहे. लांबी दोन इंच, डोकं चेपलेलं, अंगावर थोडा गंज. एका शिंप्याच्या दुकानात, कापायच्या टेबलामागच्या भिंतीत मी तेवीस वर्षं राहतो आहे. मित्रांनो, खिळ्याला कसलं आलंय चरित्र, असं तुम्हाला वाटेल. पण ज्याच्यावर काही टांगलेलं असतं, त्याच्यापाशी सांगण्यासारखं काहीतरी असतंच.

कारखान्यात एका तारेचे आम्ही हजारो तुकडे झालो. एका बाजूला टोक आलं, दुसऱ्या बाजूला डोकं. शिंप्याने, म्हणजे मास्तरांनी, दुकानात पडदा लावायला आमची पुडी आणली. पडदा लागला, मी उरलो आणि डब्यात पडून राहिलो.

एक दिवस मास्तरांचा कापड मोजायचा लाकडी गज मोडला. ते तुकडे इस्त्रीच्या कोळशांत घालायला निघाले, तर त्यांची बायको म्हणाली, "अहो, थांबा. द्या इकडे." तिने एका तुकड्यावर दुसरा आडवा ठेवला आणि बटणाच्या दोऱ्याने घट्ट बांधला. झाला क्रूस! त्यावर इंचांच्या खुणा तशाच होत्या. मग तिने मला डब्यातून उचललं आणि ठोकता ठोकता म्हणाली, "तुझ्या भाऊबंदांनी प्रभूला टोचलं होतं रे बाबा. तू त्याला नीट धर."

त्या दिवसापर्यंत मला आमच्या घराण्याची गोष्ट माहीत नव्हती. तेव्हापासून मी दात आवळून भिंत धरली.

दुकानात काज-बटणाचं काम तिचं. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत. शर्टाचं गळ्याचं बटण ती सगळ्यांत शेवटी लावायची आणि ते लावताना शर्ट घालणाऱ्यासाठी प्रार्थना करायची. मनातल्या मनात नाही, सगळ्यांना ऐकू येईल अशी. कुणी हसलं तर म्हणायची, "मी येशूची आहे. आपल्या माणसाशी बोलायला कसली लाज?" मास्तर मान खाली घालून, ओठांतल्या ओठांत 'आमेन' म्हणत. कुणी त्यांना छेडलंच, तर म्हणत, "देवाचं खातं तिच्याकडे, कातरीचं माझ्याकडे." यावर सगळे हसत.

मागच्या वर्षी वहिनी गेल्या. तीन आठवड्यांचा ताप होता. मास्तरांनी पुन्हा दुकान उघडलं, तेव्हा ते आधी माझ्याकडे आले. क्रूस काढला आणि वहिनींच्या बटणांच्या खणात ठेवून दिला. इस्त्रीच्या धुराने भिंत काळवंडली होती. क्रुसामागची जागा तेवढी पांढरी होती. क्रूस काढला तरी तिथे क्रूसच दिसत राहिला. म्हणून मास्तरांनी माझ्यावर कॅलेंडर टांगलं.

समोरचे चष्मेवाले काका रोज पेपर वाचायला दुकानात येतात. त्यांनी विचारलं, "मास्तर, इथला क्रूस कुठे गेला?"

"बायकोचा होता. माझा नव्हे."

मित्रांनो, मी डोक्यावर हातोडा खाल्ला आहे, पण असं कधी लागलं नव्हतं. मी भिंतीत सैल झालो. मास्तर वाईट नव्हते. एकदा मशीनवर डोकं टेकून ते बोलले होते, "साऱ्या गावासाठी मागत होती. तिच्यासाठी मी एकदा मागितलं, तर ऐकलं नाहीस." ते मी ऐकलं होतं.

मग काल बसवाल्या कंडक्टरबाई आल्या. आवाज असा, की मशीन थांबावं. वर्दीचा शर्ट टेबलावर टाकून म्हणाल्या, "मास्तर, गळ्याचं बटण तुटलंय. उद्या हवं. परवा लेकीचं ऑपरेशन आहे." मग एकदम हळू आवाजात, "वहिनी असत्या तर बटण लावताना तिचं नाव घेतलं असतं. आता तुम्ही घ्या."

"ते तिचं काम, बाई. मी नुसता आमेन म्हणायचो."

"बरं. मग आता आमेनच्या आधीचं कोण म्हणणार, भिंत? की तोंडालाही बटण लावलंय?"

बाई डोळे पुसत निघून गेल्या.

वहिनी गेल्यापासून मास्तर काज-बटणं बाहेर करायला देत. हा शर्ट बाहेर गेला नाही. आज सकाळी त्यांनी वहिनींचा खण उघडला. बटण शोधताना क्रूस हाताला लागला. किती तरी वेळ ते अंगठ्याने इंचांच्या खुणा चाचपत बसले. मग उठले आणि त्यांनी कॅलेंडर ओढलं. त्याच्याबरोबर मीही निसटून खाली पडलो.

वाटलं, संपलं. आता मला केराबरोबर झाडून टाकतील. पण मास्तरांनी मला फरशीवरून शोधून काढलं. भोकात काडेपेटीची एक काडी घातली आणि कातरीच्या मुठीने मला पुन्हा ठोकलं. क्रूस आपल्या पांढऱ्या जागेवर जाऊन बसला.

तेवढ्यात कंडक्टरबाई आल्या. काका पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "काय मास्तर, वहिनींची आठवण काढलीत वाटतं?"

"आठवण तर आहेच, काका. पण हा माझाही आहे. मी येशूला मानतो. बावीस वर्षं तिच्या पदराआड उभा होतो, एवढंच."

मग त्यांनी सुईत दोरा ओवला. तीन वेळा चुकला. बटण लावता लावता ते मोठ्याने बोलू लागले, "प्रभू येशू, मला तिच्यासारखं बोलता येत नाही. तुझ्यावर मी रागावलोही होतो. पण मला दुसरं दार माहीत नाही. बाईंच्या पोरीला सांभाळ. डॉक्टरांचा हात स्थिर ठेव. आणि माझी बायको तुझ्याकडे आहे, तिला सांग, बटण मी लावलं."

आणि त्यांनी दोरा तोडला. तेव्हा बाईंनीच 'आमेन' म्हटलं. शेवटचा स्टॉप पुकारावा, तसं. काकांनी चष्मा काढून पुसला.

ऑपरेशन उद्या आहे. काय होईल, ते मला माहीत नाही. मास्तरांनाही नाही. पण आज बऱ्याच महिन्यांनी ते काम करताना गुणगुणत होते.

मित्रांनो, तुमच्याजवळ कुणी असा सैल होऊन पडलेला असेल, तर त्याला केरात लोटू नका. शोधा, काडीचा आधार द्या आणि पुन्हा जागेवर बसवा. आणि ज्याच्या भरवशावर तुम्ही जगता, त्याला खणात ठेवू नका. भिंतीवर लावा, चारचौघांत सांगा. भार पडला म्हणून खिळा लगेच निसटत नाही. मी बावीस वर्षं क्रूस धरला, तेव्हा निसटलो नाही. तो काढल्यावर निसटलो.