पडद्यावरचा खांब

२०११ साली मी अठ्ठावन्न वर्षांची होते आणि मेंदूचे फोटो काढणाऱ्या एका प्रयोगशाळेत कारकून होते. धाकट्या भावाची दारू सुटावी म्हणून मीच डॉक्टरीणबाईंच्या मागे लागून त्याला तिथल्या प्रयोगात घातलं.

माणसाला यंत्राच्या बोगद्यात निजवायचं. डोळ्यांसमोर पडद्यावर एक लाल खांब. आनंदाची गोष्ट मनात आणली की मेंदूतली सुखाची जागा जागी होते आणि खांब चढतो. ते पाहून माणूस हरखतो, तसा तो आणखी चढतो. असं करत बाटलीशिवाय मन ताब्यात ठेवायला शिकायचं. मात्र निम्म्या लोकांना दुसऱ्याचाच, आधी टिपून ठेवलेला खांब दाखवत. तसं फॉर्मवर लिहिलेलं असे. कुणाला कुणाचा, ते मात्र प्रयोग संपेपर्यंत सांगायचं नाही. ती यादी माझ्या कपाटात होती.

सुरुवातीच्या चाचणीत मीही आत निजले होते. त्या खडखडाटात काही सुचेना. मग धाकट्याला सायकल शिकवली तो दिवस आठवला. मी सीट केव्हाच सोडलेली, आणि हा पुढे एकटाच, "ताई, धरलंयस ना?" असं ओरडत चाललेला. खांब जवळजवळ टोकाला गेला.

यादीत धाकट्याच्या नंबरापुढे माझा नंबर होता.

पाच महिने तो प्यायला नाही. दर फेरीनंतर माझ्या टेबलावर टिचकी मारायचा. "आज पार टोकाला नेला! जन्मभर फायली लावल्यास, ताई, तुला जमलं असतं का?" भावजय म्हणायची, "वन्सं, हे आता घरात शीळ घालतात. बेसूर आहे, पण घालू देत."

एका रविवारी त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही मटार सोलत बसलो होतो. माझं मन भरून आलं. वाटलं, ऐकून त्याला बरंच वाटेल.

"वेड्या, तू बघायचास तो खांब माझा होता. तुझीच आठवण काढून चढवलेला."

त्यानं हातातली शेंग खाली ठेवली. "म्हणजे तिथंही तूच पास झालीस."

"अरे, पण दारू तर तूच सोडलीस ना?"

"कोण जाणे कुणी सोडली."

आठवडाभरात भावजयीचा फोन आला. नुसती रडत होती.

मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी धाकट्याचं खरं टिपण काढलं. पहिल्या फेरीला त्याचा खांब तळाशीच होता. मग चढत गेलेला. शेवटच्या फेरीत माझ्याहून वर. "दाखवला दुसऱ्याचा," त्या म्हणाल्या, "पण हरखले ते स्वतः. आणि मन आवरलं तेही स्वतःच."

तो कागद घेऊन मी धावत गेले. धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता. "पुरे, ताई. मला पास करायची तुझी सवय जुनीच आहे."

कागद घडी करून मी तिथंच ठेवून आले.

डॉक्टरीणबाईंनी धाकट्याची नोंद अभ्यासातून वगळली. पुढं त्या दुसऱ्या शहरात शिकवायला गेल्या. मी मुदतीआधीच नोकरी सोडली. भावजय लेकीकडे असते. फोनवर गुडघ्यांबद्दल बोलते, त्याच्याबद्दल नाही. धाकटा तीन वर्षांनी गेला, लिव्हरनं. त्याचं कपाट आवरताना तो कागद शर्टांखाली सापडला. त्यानं तो कधी उघडून पाहिला होता का, हे घडीवरून कळत नाही.