सतरा, आणि समोर एक्का

हो.

पक्षाघातानंतर वेंडलकडे एवढा एकच शब्द उरला होता. कॉफी हवी? हो. नको? हो. आज सोमवार की मंगळवार? हो. मानही त्या शब्दामागे होकारार्थीच हलायची. कधी कधी तो शब्द तोंडातून सुटला की त्याचे डोळे संतापाने भरून यायचे, कारण आपल्याला म्हणायचं होतं ते हे नव्हे, हे त्याला स्वतःला ऐकू येत असे. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी मर्नाला सांगितलं होतं, तुमच्या नवऱ्याला कळतं सगळं, फक्त आतून बाहेर यायची वाट बुजलीय.

आणि या एका शब्दावर रीनो शहरातलं घर विकायला निघालं होतं.

मुलगी जोलीन शेजारच्या राज्यातून, बॉइझीहून आली. वेंडलसमोर गुडघ्यांवर बसून तिने विचारलं, बाबा, तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला याल ना? मागच्या अंगणात दोन खोल्या बांधल्यात, एकही पायरी नाही. वेंडल म्हणाला, हो. जोलीनला रडू आलं. मर्नाला आलं नाही. त्याच सकाळी तिने वेंडलला विचारलं होतं, तू घोडा आहेस का? तेव्हाही तो हो म्हणाला होता.

कागदांवर सह्या शुक्रवारी व्हायच्या होत्या. मर्नाला ते घर सोडायचं नव्हतं. त्याला तरी सोडायचं होतं का? की आपल्याला नकोय म्हणून आपण त्याचा ‘हो’ खोटा ठरवतोय? हेच तिला उलगडत नव्हतं, आणि विचारायला दुसरी भाषा नव्हती.

*

(चार बोटांनी टेबल खाजवणे. म्हणजे: अजून एक पत्ता.)

*

मंगळवारी सकाळी दहाला वेंडल डाव्या हाताने जाकीट अंगावर ओढून चाकांच्या खुर्चीत दाराशी येऊन बसला. उजवा हात लोंबत होता. अकरा वर्षं तो दर मंगळवारी या वेळेला कॅसिनोत जायचा आणि दोनला जेवायला घरी यायचा. फार हरायचा नाही, फार जिंकायचाही नाही. मर्ना कधीच त्याच्याबरोबर गेली नव्हती. अकरा वर्षं त्या मंगळवारांवर ती धुसफुसत होती. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेला आणि आता पत्त्यांत जाणार, असं म्हणायची.

त्या दिवशी तिने गाडी काढली.

टेबलावर पत्ते वाटणारी डीलर होती रोवेना. छातीवरच्या बिल्ल्यावर तिचं नाव आणि खाली तिचं गाव, इलोइलो. चाकांची खुर्ची येताना पाहून तिने डाव अर्धवट थांबवला नाही, पण तो संपताच मधली खुर्ची बाजूला काढायला सांगितली.

“उशीर केलात वेंडल,” ती म्हणाली. “पाच महिने.”

“हो,” वेंडल म्हणाला, आणि मर्नाला वाटलं, हा शब्द कधी नव्हे तो जागच्या जागी पडला.

खेळ एकवीसचाच, म्हणजे पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची आणि ओलांडली की बुडायचं, पण या टेबलावरच्या पत्त्यांत दश्श्या नाहीत. गुलाम, राणी, राजा आहेत, नुसती दश्शी काढून टाकलेली. मर्नाने खालच्या आवाजात विचारलं, आता यांना बोलता येत नाही, मग खेळायचं कसं? रोवेनाने वर छताकडे बोट केलं. वरचा कॅमेरा बघतो, ऐकत नाही. म्हणून इथे कुणी बोलून चालतच नाही. सगळं हातांनी.

पहिला डाव. वेंडलला बारा, रोवेनासमोर छक्की उघडी.

शेजारी टोपीवाला एक पाहुणा बसला होता. साध्या एकवीसमध्ये इथे थांबतात, तसं त्याने वेंडलला सांगूनही टाकलं. वेंडलने डाव्या हाताची बोटं हिरव्या कापडावर दोनदा ओढली. टोपीवाला कपाळावर हात मारून घेण्याच्या बेतात होता. रोवेनाने पत्ता टाकला. नव्वी.

“दश्श्याच नाहीत, तर बारावर बुडायची भीती कमी,” रोवेना त्याला म्हणाली. “इथे बारावर कुणी थांबत नाही. आणि खेळणाऱ्याचे एकवीस झाले की संपलं, माझे झाले तरी तोच जिंकतो.”

मर्नाला जिंकणं दिसलंच नाही. तिने पाहिलं ते एवढंच: कुणीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं.

दुसरा डाव. तळहात आडवा हवेत फिरला: पुरे.

तिसरा. पैजेला लावलेल्या चकत्यांशेजारी, त्या चिप्सशेजारी, तेवढ्याच चिप्स, आणि एक बोट वर: दुप्पट, एकच पत्ता.

चौथा. पुन्हा पुरे.

मर्नाच्या हातातली कॉफी गार झाली. पाच महिन्यांत पहिल्यांदा ती नवऱ्याशी चाललेलं कुणाचं तरी बोलणं ऐकत होती.

*

(चिप्सच्या मागे बोटाने आडवी रेघ. म्हणजे:)

*

पुढच्या डावात वेंडलला सतरा आले आणि रोवेनासमोर एक्का. तिने आपला झाकलेला पत्ता तपासला. एका फटक्यात एकवीस झाले नव्हते. डाव चालू होता. वेंडलने चिप्सच्या मागे बोटाने रेघ ओढली.

रोवेनाचा हात थांबला. त्या दालनात बाकी सगळं हातांनी चालायचं, पण माघार एवढीच तोंडाने सांगावी लागायची. तिने ते हळू आवाजात वेंडलला सांगितलं. त्याने तोंड उघडलं. मर्नाला त्याच्या गळ्याची शीर दिसत होती.

“हो,” तो म्हणाला. आणि पुन्हा रेघ ओढली.

“सतरा आहेत, काका,” टोपीवाला म्हणाला. “सतरावरून कोण पळतं?”

रोवेनाने मागे वळून डेझमंडला हाक मारली. तो तिथला पर्यवेक्षक, सुटाबुटातला, थकलेल्या चेहऱ्याचा. तो आला, पत्ते पाहिले, वेंडलला पाहिलं.

“रेघ ओढली का त्यांनी?”

“दोनदा.”

“मग मोठ्याने तू म्हण.”

“माघार,” रोवेना खणखणीत म्हणाली. अर्ध्या चिप्स घेतल्या, अर्ध्या वेंडलकडे सरकवल्या.

सतरा चांगले नव्हेत का, मर्नाने विचारलं. दिसायला चांगले, रोवेना म्हणाली. एक्क्यासमोर मात्र थांबा नाहीतर पत्ता घ्या, बहुतेक वेळा सगळंच जातं. अर्धं परत मिळतंय तोवर उचलायचं आणि पुढच्या डावाला बसायचं. “हे मला यांनीच शिकवलं.”

मग पत्ते पिसता पिसता तिने सांगितलं. कामाच्या पहिल्या आठवड्यात तिची बेरीज चुकायची, लोक खेकसायचे. वेंडल एकटाच असा, जो रोवेनाची नजर वर येईपर्यंत बोट टेबलावर ठेवून थांबायचा. सावकाश, मला काही ट्रेन पकडायची नाही, म्हणायचा. त्या आठवड्यात ती नोकरी सोडणार होती. नाही सोडली. तिच्या दोन मुली आता कॉलेजात होत्या.

मर्नाने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

रोवेनाची सुट्टीची वेळ झाली. जाताना तिने एक टाळी वाजवली आणि दोन्ही तळहात उलटसुलट करून दाखवले. मर्नाला वाटलं, हा निरोप. तिनेही हात हलवला. रोवेना हसली. “कॅमेऱ्यासाठी आहे ते. टेबलावरून काही घेऊन जात नाहीये, एवढंच.”

*

सूप अजून? (बोटांनी मेणकापड खाजवलं.)

अजून? (तळहात आडवा.)

खिडकी उघडू? (बोटं.)

जोलीनचा नवरा आवडतो तुला? (बोटं, जरा नाइलाजाने.)

तू घोडा आहेस का?

(तळहात आडवा, इतक्या जोरात की मीठदाणी पडली.)

बुधवारभर मर्ना विचारत राहिली. हसू आवरेना, म्हणून आणखी विचारत राहिली. मधूनच न्हाणीघरात जाऊन रडली आणि तोंड धुऊन पुन्हा विचारायला आली.

*

गुरुवारी दुपारी ती त्याच्यासमोर बसली. तिने आधी साखरेचं भांडं बाजूला केलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, दोघांच्या मधोमध ठेवलं.

“वेंडल, जोलीनकडे जायचं का आपण?”

“हो.”

“तोंडाने नको. हाताने सांग.”

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. बाहेर त्याने लावलेलं कॉटनवुडचं झाड होतं आणि तिथून दारापर्यंत चौदा पायऱ्या, त्याच्याच हातच्या. त्याला त्या चढवताना गेल्या महिन्यात मर्नाचं मनगट मुरगळलं होतं. त्यावर अजून पट्टी होती. त्याची नजर पायऱ्यांवरून त्या पट्टीवर आली.

त्याने साखरेच्या भांड्यामागे बोट टेकवलं आणि आडवी रेघ ओढली.

मर्ना थांबली. तिला घाई नव्हती. त्याने पुन्हा रेघ ओढली.

“सतरा आहेत रे आपल्याकडे,” ती म्हणाली. “चांगले सतरा.”

वेंडलने बोटाने खिडकीबाहेरच्या पायऱ्या दाखवल्या. तो एक्का. मग हात पुढे करून तिच्या पट्टी बांधलेल्या मनगटावर ठेवला आणि दोनदा हलकेच थोपटलं. हे अर्धं.

तिकडे, जोलीनच्या राज्यात, असं टेबल चालवायला कायद्याने परवानगीच नव्हती. हे त्याला माहीत होतं. म्हणजे मंगळवारही तो देऊन टाकत होता, आणि बदल्यात काय उचलत होता, ते त्याने नुकतंच दाखवलं होतं.

मर्ना उठली आणि ‘माघार’ हा शब्द स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाली. कुणीतरी म्हणायला हवा होता.

*

शुक्रवारी सह्या झाल्या.

पुढच्या मंगळवारी ते निरोप घ्यायला गेले. रोवेनाने मर्नाच्या हातात एक पत्त्यांचा जोड ठेवला. कॅसिनोने खेळातून काढून टाकलेला, प्रत्येक पत्त्याला मधोमध भोक पाडलेलं. मोजून अठ्ठेचाळीस. “आता तुम्ही डीलर,” ती म्हणाली. “आणि सांभाळून, हा माणूस बारावर थांबत नाही.”

मर्नाला खूप काही म्हणायचं होतं. नवरा परत दिलास, असं काहीतरी. तोंडातून एवढंच आलं, “बाई गं.” रोवेनाने तिचे दोन्ही हात धरले. मी तर नुसते पत्ते वाटले, ती म्हणाली, सावकाश वाटायला मला यांनी शिकवलं होतं.

*

सामान गेल्यावर घरात फक्त आवाज घुमत होता. जोलीन गाडी सुरू करून खाली उभी होती. चौदा पायऱ्या उतरायला जावयाने आणि शेजाऱ्याने मिळून खुर्ची उचलली, आणि खाली पोहोचल्यावर वेंडलने त्यांना थांबायची खूण केली. खुर्ची घराकडे वळवून घेतली. मर्ना कुलूप लावून खाली आली.

वेंडलने डावा तळहात पुढे केला.

क्षणभर तिला कळलं नाही. मग कळलं. टाळीला दोन हात लागतात आणि त्याच्याकडे एकच होता. तिने आपला तळहात त्याच्या तळहातावर मारला. दोघांनी आपापला हात घरासमोर धरला आणि उलटसुलट करून दाखवला.