आडवी गिटार

चर्चचे उपदेशक ब्रदर क्रम्प यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं, "देवाच्या घरात आडवं पडलेलं काही चालायचं नाही."

एल्विन गिटार मांडीवर आडवी टाकून तारांवरून पोलादी कांडी सरकवायचा. जत्रेतल्या एका हवाई बेटांवरच्या वादकाकडून उचललेली कला. जोडीदार डॉसन शेजारी उभा राहून गायचा. दोघंही सूतगिरणीतले. जॉर्जियातल्या गिरणीगावांत त्यांना मोठी मागणी, मज्जाव काय तो आपल्याच चर्चमध्ये. आणि एल्विनच्या म्हाताऱ्या आईचा तीन वर्षं एकच धोशा, "डोळे मिटायच्या आत तुझं वाजवणं मला देवासमोर ऐकायचंय."

ऑगस्टमधल्या वार्षिक मेळाव्याचा रविवार. जेवणानंतर बाहेर ओकच्या सावलीत वाजवायची तेवढी परवानगी होती. पण उन्हात गिटारचा सरस सुटतो, म्हणून एल्विन ती घेऊनच आत शेवटच्या बाकावर बसला.

ब्रदर क्रम्प बायबलातल्या उधळ्या पुत्रावर बोलत होते, घर सोडून गेलेला मुलगा परतताना दिसतो आणि बाप धावत सुटतो त्या गोष्टीवर. बोलता बोलता, नेहमीसारखंच, बोलण्याचं गाणं झालं. पेटीवाल्या बाईंनी दोन पट्ट्या दाबून पाहिल्या आणि हात आवरले. ब्रदरांचा सूर कधी पट्टीवर बसायचाच नाही, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीतून वर चढायचा.

"बाप धावला, हा! म्हातारा बाप धावला, हा!"

त्या 'हा'नंतरच्या श्वासात एल्विनचा हात आपसूक हलला. कांडी घसरत गेली आणि नेमकी त्याच सुरावर टेकली.

"मेल्या, दोघांनाही हाकलतील!" डॉसन कुजबुजला.

ब्रदर थांबले. बायकांच्या हातांतले पुठ्ठ्याचे पंखे थांबले.

"कोण ते?"

"मी, ब्रदर." एल्विनने तारांवर तळहात दाबला. "चुकून झालं. हातच गेला."

ब्रदरांनी रुमालाने मान पुसली. "चाळीस वर्षं हा डोंगर एकटाच चढतोय मी. पायथ्याशी उभे राहून आमेन म्हणणारे पुष्कळ. सोबत चढणारं कुणी भेटलं नव्हतं."

"पण ब्रदर, ती आडवी आहे," डॉसनला गप्प बसवेना.

"थडग्यातला लाजरसही आडवाच होता. येशूची हाक आल्यावर उठला की नाही? चल बाळा. बाप धावला, हा!"

गिटार धावली. पुढच्या बाकावरून आईने कानामागे हात धरून मान वळवली.

"मोठ्याने रे! तीन वर्षं थांबलेय मी, आता पुटपुटतोस काय?"